विंडोज ११ वर जाताना मागे यायची वाट: रिस्टोर पॉइंट, गो बॅक की इमेज?

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. तेव्हापासून आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या सावदा-फैजपूरकडे जो तो विचारतो, ११ टाकल्यावर बिघडलं तर मागे कसं यायचं? आणि लगेच स्वतःच सांगतो, "रिस्टोर पॉइंट हाय ना भो!"

रिस्टोर पॉइंट म्हणजे विंडोजच्या सेटिंग नि सिस्टीम फायलींची त्या वेळची साठवलेली नोंद. त्याच्यावर विसंबू नका. भावाच्या केळीच्या वखारीतला कॉम्प्युटर मी याच भरवशावर अपग्रेड केला. दुसऱ्या दिवशी भरलेली गाडी काट्यावर उभी, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देतोय आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पावती काढेना. सिस्टीम रिस्टोर उघडलं, तर पॉइंटची यादी रिकामी आणि सी ड्राइव्हसमोर प्रोटेक्शन (पॉइंट साठवणारं सेटिंग) 'ऑफ'. आधी मीच ते चालू केलं होतं! त्या दिवशी पावत्या हातानं लिहिल्या.

मोठ्या अपग्रेडमध्ये जुनी विंडोज 'विंडोज.ओल्ड' फोल्डरमध्ये सरकते आणि तिच्या जागी नवी बसते. जुने पॉइंट जुन्या रजिस्ट्रीचे (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीचे) आणि जुन्या सिस्टीम फायलींचे, म्हणून ते निकामी होतात. प्रोटेक्शनचं सेटिंगही पुष्कळदा बंद झालेलं असतं. म्हणजे रिस्टोर पॉइंट कामाचा, पण अपग्रेड झाल्यावर. प्रोटेक्शन पुन्हा हातानं चालू करायचं, जागा ठरवून द्यायची आणि लगेच एक पॉइंट घ्यायचा. उद्या प्रिंटरसारखं यंत्र चालवणाऱ्या एखाद्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरनं घोळ घातला तर पॉइंट तो दहा-पंधरा मिनिटांत सोडवतो. हिशेबाच्या फायलींना मात्र पॉइंट हात लावत नाही. त्या बिघडवत नाही, तशा परतही आणत नाही.

अख्खं अपग्रेडच उलटवायचं असेल तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत 'गो बॅक' आहे. मुदत १० दिवस. तुमच्या फायली राहतात, नंतर टाकलेली सॉफ्टवेअर जातात. खरी गोम वेगळीच आहे: सी ड्राइव्ह लाल दिसला की कुणीतरी उत्साही पोरगा डिस्क क्लीनअप चालवतो, त्यात विंडोज.ओल्ड उडतं आणि परतीचा रस्ताच बंद. वखारीत मी मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवली होती, "दहा दिवस साफसफाई बंद".

तिसरी वाट बाहेरच्या हार्ड डिस्कवर पूर्ण इमेज, म्हणजे विंडोज, सॉफ्टवेअर, फायली सगळ्याची जशीच्या तशी प्रत, घेण्याची. कंट्रोल पॅनलमध्ये 'बॅकअप अँड रिस्टोर (विंडोज ७)' अजून सापडतं. वेळ खातं, आणि मशीन सुरूच होईना झालं तर बूट होणारा पेनड्राइव्हही लागतो. पण महिन्याभरानंही जसंच्या तसं जुनं विंडोज १० परत मिळतं. फक्त इमेज घेतल्यानंतरच्या नोंदी आधी वेगळ्या कॉपी करून ठेवा, नाहीतर त्या गेल्याच.

घरच्या लॅपटॉपवर पोरांचा अभ्यास नि फोटो असतील, तर फोटोंची कॉपी काढा. बाकी गो बॅक पुरे. वजनकाटा, टॅली, जुना प्रिंटर यांवर पोट असेल तर इमेजशिवाय अपग्रेडचं बटण दाबू नका, आणि ते काम केळीचा माल कमी असताना काढा. भावाचं मशीन मी आठव्या दिवशी गो बॅकनं १० वर आणलं, मग इमेज घेतली, प्रिंटरचा चालणारा ड्रायव्हर शोधला आणि मगच पुन्हा ११ टाकलं.