ब्रेडसाठी साडेपाच किलोचं बीड: घ्यावं का?

घरात दोनच माणसं असतील तर हे भांडं घेऊ नका. मी घेतलं, कारण आमच्याकडे दर रविवारी चहाला सहा डोकी जमतात आणि गेल्या दिवाळीपासून त्यांना दर वेळी नव्या देशाचा ब्रेड खाऊ घालायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलंय.

भांडं बिडाचं, जोडीचं आहे. एक खोलगट पातेलं, आणि झाकण म्हणजे दांड्याचा उथळ तवाच. बायकोने पहिल्या दिवशी उचलून पाहिलं, ‘हे घासायचं तुम्ही’ म्हणाली आणि खाली ठेवलं.

खरी गंमत ते पालथं वापरण्यात आहे. ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) २३० अंशांवर ठेवून दोन्ही भाग पाऊण तास रिकामेच तापवायचे. मग फुगलेला गोळा उथळ तव्यात अलगद सोडायचा, ब्लेडने वर एक चीर द्यायची आणि पातेलं त्यावर पालथं घालायचं. पिठातलीच वाफ आत कोंडते, वरचा पापुद्रा लगेच सुकत नाही, म्हणून ब्रेडला फुगायला सवड मिळते. वीस-पंचवीस मिनिटांनी पातेलं काढलं की रंग चढायला लागतो. बाहेर आल्यावर कान जवळ नेऊन ऐका, गार होताना कवच तडतडतं. आमच्यातले एक निवृत्त हेडमास्तर तेवढ्यासाठी अर्धा तास आधी येऊन बसतात.

आता तक्रारी. माझा ओटीजी २८ लिटरचा, आणि दांड्यामुळे दारच लागेना! शेवटी भांडं तिरकं बसवलं. घेण्याआधी टेपने मोजा, दांड्यासकट. ‘थेट वापरा’ असं खोक्यावर छापलं होतं, पण पहिल्याच धुण्यात कडेला तांबूस गंज आला. तेलाचा पातळ हात फिरवून तीनदा तापवलं तेव्हा कुठे काळं झालं. आणि साध्या फडक्याने धरायला जाऊ नका. माझ्या अंगठ्यावर अजून डाग आहे.

लांबडा बॅगेट यात बसत नाही, तो विसराच. उथळ तव्यात इटलीतल्या जिनोव्हाकडचा फोकाचिया, म्हणजे चपटा ब्रेड, मात्र फर्मास होतो. बोटांनी खळगे पाडायचे आणि त्यांत मिठाचं पाणी नि ऑलिव्ह तेल ओतायचं. मंडळींनी तो शेंगदाण्याच्या चटणीशी खाल्ला. इटलीतल्या कुणाला सांगू नका.

सगळ्यांत जास्त वेळा फर्माईश होते ती उत्तर आयर्लंडच्या सोडा फार्लची. मैदा, आंबट ताक, मीठ आणि खायचा सोडा, बस्स. यीस्ट नाही, आंबवणं नाही. ताक पडलं की सोडा लगेच काम सुरू करतो, त्यामुळे मळत बसायचं नाही. जाडसर थापायचं, चार तुकडे करायचे आणि तवा गॅसवर ठेवून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजायचे. फार्ल या शब्दाचा मूळ अर्थच चौथा भाग. हे सांगितल्यावर हेडमास्तर म्हणाले, ‘म्हणजे चतकोर की! मग सरळ चतकोर म्हणा.’ तेव्हापासून आमच्याकडे त्याला कोणी फार्ल म्हणत नाही.

मोठा गोल ब्रेड दुसऱ्या दिवशी चिवट होतो, रविवारीच संपायला हवा. सहा जणांत संपतो, आम्हा दोघांत गुरुवारपर्यंत पुरला होता.

पाचपैकी साडेतीन. एक गुण गंजाचा कापला, अर्धा दांड्याचा.