गाउदी आडनावाचं कुलचिन्ह आणि माझे १७,८१० रुपये ९२ पैसे

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे लपवायला काही उरणार नाही. आडनावांची वंशावळ विकणाऱ्या एका साइटला दिलेले १८९ युरो, तीन टप्प्यांत. आडनावाचा अहवाल ८९, ‘अभिलेखागारातला विशेष शोध’ ६४, आणि लाखेची मोहोर मारलेलं प्रमाणपत्र व कुलचिन्ह ३६. स्टेटमेंटवर ९०.५० च्या दराने १७,१०४.५० रुपये, त्यावर साडेतीन टक्के परकीय चलन शुल्क ५९८.६६, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी १०७.७६. एकूण १७,८१०.९२. चोराला पैसे दिल्याबद्दल सरकारलाही कर भरला, असा हिशेब.

आडनाव होतं गाउदी. बार्सिलोनातलं सग्रादा फामिलिया हे चर्च बांधणारा वास्तुकार आन्तोनी गाउदी, त्याचंच. ७ जून १९२६ ला त्याला ट्रामने धडक दिली आणि १० जूनला तो गेला. शताब्दीच्या लेखात एक छोटी चौकट हवी होती: हे आडनाव ईशान्य स्पेनमधल्या कातालोनियात आलं कुठून, आणि आज ते कितीजण लावतात. एका चौकटीसाठी १८९ युरो? हो. मुदत डोक्यावर होती आणि साइटवर ‘बार्सिलोनातल्या वंशावळतज्ज्ञाच्या सहीसह’ असं लिहिलं होतं. अशा धंद्यांची सगळी लक्षणं तुम्हाला माहीत आहेतच: उलटं मोजणारं घड्याळ, ‘फक्त आज’ची सवलत, समाधानी ग्राहकांचे हसरे फोटो. मलाही माहीत होती. कातालान आडनावांवरचं वाचन मला नवीन नाही, म्हणून तर जास्त झोंबतं.

अहवाल आला ३४ पानांचा. त्यातली २१ पानं कातालोनियाचा इतिहास. कोणत्याही आडनावाला चिकटवा, चालेल. उरलेल्या १३ पानांत पहिला दावा असा: गाउदी म्हणजे लॅटिन ‘गाउदिउम’, आनंद. मध्ययुगातलं आनंदी स्वभावाचं सरदार घराणं. वाचायला गोड, आणि साफ चूक. लॅटिन ‘गाउदिउम’ कातालान लोकांच्या तोंडी झिजून ‘गॉच’ झाला. मेरीमातेची आणि संतांची गाणी त्या भाषेत ‘गॉच्स’ म्हणूनच ओळखली जातात. ‘गाउदीर’ म्हणजे उपभोगणं हे क्रियापद आहे खरं, पण ते विद्वानांनी लॅटिनमधून उचललेलं. त्यावरून घराण्याचं नाव पडत नाही.

खरी गोष्ट कमी झगमगीत आणि जास्त रंजक आहे. गाउदीचा पूर्वज जुआन गाउदी हा फेरीवाला होता. तो १७ व्या शतकात मध्य फ्रान्समधल्या ओव्हेर्न्य भागातून आला आणि तारागोनाजवळच्या रिउदोम्सला स्थिरावला. मूळ रूप गोदॅं किंवा गोदी असावं असं मानतात. गोदॅं हे फ्रान्समधलं आडनाव जर्मानिक ‘वाल्द’, म्हणजे सत्ता गाजवणं, या धातूवरच्या व्यक्तिनावातून आलं असं फ्रेंच आडनावांचे अभ्यासक सांगतात. आता कातालानचा एक नियम बघा: आघात असलेल्या शेवटच्या स्वरानंतरचा न गळतो. लॅटिन ‘विनुम’चा ‘वी’, ‘पानेम’चा ‘पा’, मार्तिनुसचा मार्ती, आउगुस्तिनुसचा आगुस्ती. तसाच गाउदिनचा (गोदॅंचं लिहिलेलं रूप तेच) गाउदी. आणि हा गळलेला न पुढे प्रत्यय लागला की परत उगवतो: एक ‘वी’, पण अनेक ‘विन्स’. म्हणूनच गाउदीच्या शैलीला कातालान माणूस ‘गाउदिनिया’ म्हणतो. तो न कुठून आला, एवढा एक प्रश्न त्या ‘तज्ज्ञा’ला विचारला असता तर ८९ युरोवरच थांबलो असतो.

फ्रान्समधून आलेला म्हणजे अपवाद असंही नाही. १६ व्या आणि १७ व्या शतकात फ्रान्समधल्या ओक्सितान भाषेच्या मुलखातून माणसांचे लोंढे पिरेनीज पर्वत ओलांडून कातालोनियात आले. इतिहासकार जॉर्दी नदाल आणि एमिली जिराल्ट यांनी १९६० मध्ये हे आकड्यांनिशी मांडलं. आज ‘अस्सल कातालान’ वाटणारी कितीतरी आडनावं त्या लोंढ्यातली आहेत. अहवालात मात्र गाउदी घराणं १४९७ च्या ‘फोगाच’मध्ये दाखवलंय. फोगाच म्हणजे चुलीवार कर-गणती, घरटी नोंद. जे घराणं १७ व्या शतकात आलं ते १४९७ ला चूल कुठे पेटवत होतं? १४९७ आणि १५५३ ची फोगाचं रिउदोम्सजवळच्या रेउस गावच्या जुजेप इग्लेसिएसने छापून ठेवलीत. पान उघडून बघता येतं. मी बघितलं. पैसे गेल्यावर.

आता ती जागा, जिथे माझी झोप उडायला हवी होती.

दुसऱ्या हप्त्याआधी त्यांनी नमुना म्हणून एक पान पाठवलं. ‘सदर घराण्याच्या सरदारकीची नोंद वल्लादोलिद येथील साला दे इहोसदाल्गोमध्ये प्रमाणित’ असं त्यावर होतं. वल्लादोलिद! साला दे इहोसदाल्गो म्हणजे तिथल्या उच्च न्यायालयाचा सरदारकीचे दावे चालवणारा विभाग, आणि ते न्यायालय कास्तिल राज्याचं. सरदारकीचे दावे तिथे चालायचे ते ताहो नदीच्या उत्तरेकडच्या कास्तिली मुलखातले, दक्षिणेकडचे ग्रानादाला. कातालोनिया कास्तिलमध्ये नव्हताच, तो आरागोनच्या राजसत्तेत होता, आणि त्या सत्तेचं दफ्तर बार्सिलोनात आहे, १३१८ पासून. कातालान घराण्याचा कागद वल्लादोलिदला शोधणं म्हणजे पेशवे दफ्तरातला कागद कलकत्त्यात शोधण्यासारखं. हे मला पाठ आहे. यावर मी लोकांना ऐकवलेलंही आहे. आणि ते वाक्य वाचून मी ६४ युरो भरले. रात्रीचे ११ वाजून ४० मिनिटं झाली होती, घड्याळात १४ मिनिटं उरली होती, आणि मनाने समजूत घातली की नमुन्यात घाई झाली असेल, मूळ अहवालात नीट असेल. नीट काय असणार? मूळ अहवालात तेच वाक्य दोनदा आहे.

कुलचिन्हाचं तर बोलूच नका. सोनेरी ढालीवर चार उभे लाल पट्टे. ती बार्सिलोनाच्या काउंटांची आणि आरागोनच्या राजांची निशाणी; आज कातालोनियाच्या झेंड्यावर तेच पट्टे, फक्त आडवे. गाउदीचे वडील फ्रान्सेस्क गाउदी इ सेर्रा हे कालदेरेर होते. आपल्याकडे तांबट. मागच्या पिढ्याही त्याच धंद्यातल्या. पत्रा ठोकून पोकळ आकार उभा करणाऱ्यांच्या घरात वाढलो म्हणून घनाकार डोळ्यांसमोर दिसतात, असं गाउदी स्वतः सांगायचा. त्या घराला राजाची ढाल! आणि मुळात कुलचिन्ह आडनावाला मिळत नसतं, एका माणसाला आणि त्याच्या वंशाला मिळतं. एकाच आडनावाच्या दहा घराण्यांची दहा वेगळी असतील, नव्वदांचं एकही नसेल. ‘तुमच्या आडनावाचं कुलचिन्ह’ हे शब्द दिसले की टॅब बंद करा. कॉफीच्या मगावर छापून मिळत असेल तर गंमत म्हणून घ्या, प्रमाणपत्र म्हणून नको.

आज कितीजण हे आडनाव लावतात, त्याची फसवणूक जास्त हुशार होती, कारण तिथे आकडे खरे वाटतात. टक्केवारी दशांशानंतर दोन स्थळांपर्यंत, पण कोणत्या वर्षाची, कुणाची मोजणी, एक शब्द नाही. खाली बारीक अक्षरात ‘सर्व रूपभेदांसह’. म्हणजे गाउदीत फ्रान्सचे सगळे गोदॅं मिसळले, आणि दुर्मीळ आडनाव एका ओळीत जगभर पसरलं.

खरा आकडा फुकट मिळतो. स्पेनच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या, आयएनईच्या साइटवर आडनाव टाका. कातालोनियापुरतं हवं तर तिथल्या सांख्यिकी संस्थेच्या, इदेस्कातच्या साइटवर. पण वाचायचं कसं ते माहीत पाहिजे. आयएनई आडनावं आघातचिन्हाशिवाय छापते, म्हणून शेवटच्या ईवर आघात असलेला कातालान गाउदी आणि तो नसलेला इटालियन गाउदी एकाच खान्यात पडतात. देशभरात २० पेक्षा कमी माणसं असतील तर आडनाव दिसतच नाही, आणि प्रांतात ५ पेक्षा कमी असतील तर तो प्रांत कोरा राहतो. कोरा म्हणजे शून्य नव्हे. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात, त्यामुळे पहिलं, दुसरं आणि दोन्ही असे तीन वेगळे रकाने येतात. बाई लग्नानंतर आडनाव बदलत नाही. तिला तीन मुलं असली तर तिचं आडनाव मुलांच्या दुसऱ्या जागी तीनदा मोजलं जातं. अहवालवाल्यांनी हे रकाने सरळ बेरजेत घातले. पुढच्या पिढीत आडनाव टिकेल का, हे ती बेरीज सांगत नाही. त्यात ३० जून २०१७ पासून वडिलांचं आडनाव आपोआप पहिलं लागणंही बंद झालंय, आईबापांनी ठरवायचं. जुन्या क्रमावर बेतलेले अंदाज त्यामुळे ढासळतात.

नकाशाची युक्ती तर बघून ठेवाच. रंग माणसांच्या संख्येवर नसतो, दर हजारी प्रमाणावर असतो. सोरिया प्रांतात सुमारे ९० हजार लोक, बार्सिलोना प्रांतात ५७ लाखांहून जास्त. सोरियात कुणी पाचजण नोकरीसाठी जाऊन राहिले, तर तेवढाच गडद रंग यायला बार्सिलोनात ३१७ माणसं लागतील. दुर्मीळ आडनावाच्या नकाशात सगळ्यात गडद ठिपका म्हणूनच बहुतेकदा भलतीकडे पडतो. आमच्या अहवालात अशाच एका ओसाड प्रांतातून घराण्याचा ‘उगम’ काढला होता, बाणांसकट.

पैसे न देता काय करता येतं, तेही सांगतो. मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे माहीत होतं, पण आळस केला. आल्कोवेर आणि मोल यांचा कातालान-वालेन्सियान-बालेआर शब्दकोश नेटवर मोफत आहे आणि त्यात आडनावांच्या नोंदी गावांसकट असतात. रेउस आणि रिउदोम्स तारागोनाच्या आर्चबिशपच्या क्षेत्रात येतात. तिथल्या ऐतिहासिक अभिलेखागाराने चर्चच्या नोंदवह्या स्कॅन करून खुल्या केल्यात. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १८७१ पासूनची. जन्माच्या दाखल्याला शुल्क नाही. दाखल्याचे ४० युरो मागणारा निव्वळ दलाल समजा. चर्चचा हवाला दिला असेल तर आधी ती वही आज अस्तित्वात आहे का ते बघा: जुलै १९३६ मध्ये कातालोनियात कितीतरी चर्चची दफ्तरं जळाली. ‘पान ११२, उजवी बाजू’ असं लिहायला वही लागत नाही.

आईचं माहेरचं नाव, जन्मतारीख, पासपोर्टची प्रत अशा ‘शोधा’साठी कुणालाही देऊ नका. बँका ओळख पटवायला तेच प्रश्न विचारतात.

तक्रारीचं ऐका आता. बँकेला चौथ्या दिवशी लिहिलं. उत्तर आलं, दस्तऐवज पोचला आहे, म्हणजे सेवा मिळाली आहे. मी लिहिलं, दस्तऐवज खोटा आहे. उत्तर: मजकुराच्या सत्यतेवर बँक भाष्य करत नाही. मग सायबर तक्रार. फॉर्मवर ‘बनावट कुलचिन्ह’ असा प्रकार नसतो, म्हणून ‘इतर’. पोलीस ठाण्यात साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पण आडनाव तुमचं आहे का?’ नाही म्हटलं. ‘मग तुमचं नुकसान काय झालं?’ १७,८१० रुपये ९२ पैसे, म्हणालो. शेजारचा हवालदार हसला. स्पेनमधल्या ग्राहक कार्यालयाने कळवलं की विक्रेत्याचा पत्ता त्यांच्या हद्दीत नाही. पत्ता होता तिसऱ्याच देशातल्या एका टपालपेटीचा. तिथल्या कार्यालयाने परत बँकेकडे बोट दाखवलं. बँकेने आता नवा तक्रार क्रमांक दिलाय आणि जुना बंद केलाय. बंद करण्याचं कारण: ग्राहकाचं समाधान झालं. कोणत्या ग्राहकाचं ते विचारायला फोन केला, तर २६ मिनिटं संगीत.

कार्डाच्या व्यवहारावर आक्षेप घ्यायला साधारण १२० दिवस मिळतात, पण ‘वस्तू मिळाली नाही’ असं लिहू नका, तिथेच हरता. ‘वर्णनाप्रमाणे नाही’ असं लिहा आणि साइटवरच्या दाव्याचा स्क्रीनशॉट जोडा. मी साइटचा स्क्रीनशॉट घेतला नव्हता. विक्रेत्याने ‘शासनमान्य’ हा शब्द दुसऱ्याच दिवशी काढून टाकला.

गोव्याकडच्यांना एक सांगायचंय. पोर्तुगीज नागरिकत्वासाठी आडनावाचा ‘अहवाल’ विकणारेही हेच लोक. १९ डिसेंबर १९६१ पूर्वीची तुमच्या आईवडिलांची किंवा आजीआजोबांची जन्मनोंद लागते. आडनाव द सूझा असून काही होत नाही. स्पेनने २०१५ मध्ये सेफार्दी ज्यूंच्या वंशजांसाठी कायदा केला तेव्हाही ‘पात्र आडनावांच्या अधिकृत याद्या’ धडाधड विकल्या गेल्या. सरकारने अशी यादी काढलीच नव्हती.

काल पुन्हा त्यांच्या साइटवर गेलो. तीच चार पट्ट्यांची ढाल, खाली आता दुसरंच आडनाव. अहवाल ५९ युरोवर आलाय. घड्याळात अजून १४ मिनिटंच उरलीत.