रुबिडियम रिपेअरच्या नावाखाली 10,420 रुपये गेले, डबाही गेला

लिहायची लाज वाटतेय, पण आपल्या हॅम (हौशी रेडिओ) ग्रुपमधला अजून एक जण मला फसवणाऱ्या त्याच दुरुस्तीवाल्याकडे पार्सल पाठवायला निघालाय असं कळलं म्हणून लिहितोय.

माझ्याकडे 2019 ला 14,500 ला घेतलेलं सेकंडहँड रुबिडियम स्टँडर्ड (रुबिडियमच्या अणूंच्या आधारे अचूक फ्रिक्वेन्सी देणारा डबा) होतं, टेलिकॉम टॉवरवरनं निघालेलं, 10 मेगाहर्ट्झवालं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात ते लॉक होईना, म्हणजे रुबिडियमची फ्रिक्वेन्सी पकडून स्थिर होईना. घरीच तपासलं. 24 व्होल्ट बरोबर, गार असताना 1.7 अँपिअर घेतोय, गरम झाल्यावर करंट उतरतोय, म्हणजे हीटर ठीक. पण फ्रिक्वेन्सी सारखी वरखाली फिरत राहायची, लॉक शोधत, आणि दिव्याचं व्होल्टेज पडलेलं. म्हणजे बिघाड आतल्या रुबिडियमच्या दिव्यात. त्याच्या काचेवर रुबिडियम साचतं, हीट गनने उडवता येतं हे मला माहीत होतं, पण काच तडकली तर संपलं, आणि पोरीची बारावी, घरात शांतता पाहिजे होती. म्हणून बाहेर एका दुरुस्तीवाल्याला दिलं. मी नवशिका नाही ओ, 22 वर्षं पॉवरलूमचे पॅनल दुरुस्त करतोय.

त्याने 6,500 अ‍ॅडव्हान्स घेतला, मग "दिवा बदलावाच लागतो सर" म्हणून 3,200. कुरिअर जाताना 380, येताना 340.

डबा परत पाठवायच्या आधी त्याने व्हिडिओ टाकला. काउंटरवर (फ्रिक्वेन्सी मोजायच्या यंत्रावर) 10 मेगाहर्ट्झ, पुढे सगळे शून्य, शेवटचा आकडासुद्धा हलत नाही. आणि त्याच व्हिडिओत माझ्या डब्यातनं टी (फाटा देणारा जोड) लावून एक निळी वायर काउंटरच्या मागे जाताना दिसतेय, मागे, जिथे एक्स्टर्नल रेफरन्सचं, म्हणजे मोजमापाला आधार म्हणून बाहेरची फ्रिक्वेन्सी द्यायचं सॉकेट असतं तिथे. ज्या डब्याचा रेफरन्स काउंटरला दिलाय त्याच डब्याची फ्रिक्वेन्सी मोजली तर फरक शून्यच येणार, डबा कितीही चुकीचा असू दे! हे मी स्वतः पोरांना शिकवलंय. तीनदा व्हिडिओ बघितला, वायर दिसली, आणि तरी "थँक्यू सर" लिहून उरलेले 3,200 पाठवले. रात्री झोपताना अजून ती निळी वायर डोळ्यासमोर येते.

मार्चमध्ये डबा आला. चार मिनिटांनी लॉकचा एलईडी लागला, मी खूश. तीन आठवड्यांनी जीपीएसच्या सेकंदाच्या पल्सशी ताडून बघितलं तर 0.4 हर्ट्झचा फरक, आणि पंखा लावला की बदलतोय. 0.4 किरकोळ वाटेल, पण आम्ही हॅमवाले वापरतो त्या क्यूओ-100 सॅटेलाइटच्या 10489 मेगाहर्ट्झवर त्याचे 420 हर्ट्झ होतात. गार असतानाचा करंट बघितला, फक्त 0.4 अँपिअर. तेव्हाच पोटात गोळा आला. उघडलं तर दिवा नाही, रुबिडियमच्या वाफेचा सेल नाही, काही नाही, ग्लू गनने चिकटवलेला भंगारातला क्रिस्टल ओव्हन (गरम ठेवलेला साधा क्वार्ट्झ क्रिस्टल) आणि एलईडीला 555 चा टायमर! लॉक झाल्याचं नाटक करायला टायमर.

बँकेत म्हणाले पिन तुम्हीच टाकला, हे फ्रॉडमध्ये बसत नाही. पोलीस स्टेशनला एप्रिलच्या उन्हात जुळे सोलापूरहून तीन चकरा. पहिल्यांदा साहेब नाहीत. दुसऱ्यांदा "वस्तू परत मिळाली ना, मग फसवणूक कशी?" तिसऱ्यांदा अर्जावर "रेडिओ नादुरुस्त" असं लिहून घेतलं, मी म्हटलं अहो रेडिओ नाही, आतला पार्ट चोरलाय, तर म्हणे ग्राहक कोर्टात जा. पोचसुद्धा मागून घ्यावी लागली. 10,420 म्हणजे त्यांच्या लेखी काहीच नाही, माझी महिन्याची भाजी-दूध-गॅस आहे ती.

पैसे गेले की त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मी आठवडे घालवले. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, मी टाकतोय. डबा पाठवायच्या आधी उघडून आतला फोटो काढा, सिरियल नंबरासकट. एलईडीवर विश्वास ठेवू नका, लॉक जीपीएसशी ताडा, गार करंट लिहून ठेवा. आणि व्हिडिओ मागाल तर काउंटरची मागची बाजू दाखवायला सांगा.

त्याने आता नाव बदललंय, नंबर बदललाय, पण जाहिरातीत व्हिडिओ तोच टाकतोय, माझ्याच डब्याचा. उजव्या कोपऱ्यात निळी वायर दिसेल.