ट्यूब्युलर बॅटरी आणि साइन वेव्ह इन्व्हर्टर: दोन वर्षांच्या वापरानंतर

आईसाठी घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे, विजेवर चालणारे यंत्र) आणावा लागला, तेव्हापासून वीज जाणे ही आमच्या दृष्टीने केवळ गैरसोय राहिली नाही. त्याच आठवड्यात आम्ही ८५० व्हीएचा साइन वेव्ह इन्व्हर्टर (घरच्या विजेसारखीच सलग लहरीची वीज देणारा) आणि १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी (आत नळीच्या आकाराच्या प्लेट असलेली लेड-ॲसिड बॅटरी) घेतली. संचाबद्दल मी समाधानी आहे. त्याच्या बॅकअपबद्दल खरेदीच्या वेळी जे सांगितले गेले, त्याबद्दल मात्र नाही.

१२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १,८०० वॉट-अवर, म्हणून ३०० वॉटचा लोड सहा तास चालेल, असा हिशेब आम्हाला दाखवण्यात आला. परंतु १५० हा आकडा बॅटरी सावकाश, म्हणजे साडेसात अँपिअरने २० तासांत उतरवली तरच खरा ठरतो. ३०० वॉटसाठी तिच्यातून सुमारे ३० अँपिअर ओढले जातात, तेव्हा तीच बॅटरी बरीच कमी ऊर्जा देते, आणि त्यातलीही काही इन्व्हर्टरमध्येच उष्णता होऊन जाते. कॉन्सन्ट्रेटर आणि एक एलईडी दिवा एवढ्यावर आम्हाला साडेतीन तास मिळाले. ज्यांच्या घरात रुग्ण आहे, त्यांनी हा फरक आधीच धरून चालावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

साइन वेव्हसाठी दिलेले जादा पैसे योग्यच ठरले, कारण स्क्वेअर वेव्हवर, म्हणजे झटक्याने बदलणाऱ्या लहरीच्या विजेवर, कॉन्सन्ट्रेटरमधला कंप्रेसर आणि पंखे गुणगुणतात व अधिक तापतात. फ्रिज आम्ही या लाइनवर घेतलेलाच नाही. दार उघडले नाही तर तो सुमारे चार तास थंडावा धरून ठेवतो. सुरुवातीला वायरिंग वेगळे केलेले नव्हते, त्यामुळे एका रात्री मिक्सर लावताच इन्व्हर्टर ओव्हरलोडने बंद पडला आणि कॉन्सन्ट्रेटरच्या अलार्मने आम्ही आईच्या खोलीकडे धावलो. दुसऱ्याच दिवशी वायरमनकडून तिच्या खोलीची लाइन स्वतंत्र करून घेतली, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडरही जवळ ठेवला.

चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून ती हवेशीर जागी असावी, आणि फ्लोट (बॅटरीतील पाण्याची पातळी दाखवणारा तरंगता दर्शक) खाली गेला की फक्त डिस्टिल्ड वॉटरच घालावे.

दर तीन महिन्यांनी आम्ही दिवसा, कॉन्सन्ट्रेटरऐवजी तेवढ्याच वॉटचे दिवे आणि पंखे लावून बॅकअप घड्याळावर मोजतो. गेल्या वेळी तो तीन तास दहा मिनिटे भरला. अडीच तासांच्या खाली आला की बॅटरी बदलायची, असे ठरवले आहे.