सहा खोल्यांचा हिशेब : ऑक्युपन्सी, भाडे, रेव्हपार की नफा?

तारकर्ली, देवबाग, गणपतीपुळे किंवा गुहागर परिसरात पाच-सहा खोल्यांचे निवास चालवणाऱ्याला धंद्याविषयी विचारले, की उत्तर बहुधा खोल्यांच्या हिशेबात मिळते : नाताळात हाउसफुल्ल होतो, जूनमध्ये सगळे रिकामे होते. एवढ्यावरून पुढच्या मोसमाचे भाडे ठरवणे अवघड असते. हॉटेल व्यवसायात त्यासाठी वेगवेगळी मापे रूढ आहेत आणि त्यांतील चार छोट्या निवासालाही उपयोगी पडतात. हॉटेलांचे हिशेब एकाच पद्धतीने मांडण्याची नियमावली न्यूयॉर्क शहरातील हॉटेलचालकांच्या संघटनेने १९२६ साली पहिल्यांदा काढली. तारकर्लीतल्या वहीसाठी तेवढा पसारा नको, पण कोणते माप काय सांगते आणि काय झाकते, हे भाडे कमी करण्याच्या मोहात पडण्यापूर्वी पाहून घ्यावे.

ऑक्युपन्सी म्हणजे विकता येण्याजोग्या रात्रींपैकी प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या रात्रींची टक्केवारी. सहा खोल्या आणि तीस दिवसांचा नोव्हेंबर धरला, तर विकायला १८० रात्री होतात. सरासरी भाडे म्हणजे खोल्यांचे एकूण उत्पन्न भागिले विकलेल्या रात्री. ही दोन्ही मापे एकटी वापरली तर फसवतात. भाडे निम्म्यावर आणून खोल्या भरता येतात, आणि एकच खोली चढ्या दराने विकून सरासरी भाडेही चांगले दिसते. म्हणून तिसरे माप, रेव्हपार : खोल्यांचे उत्पन्न भागिले विकता येण्याजोग्या सर्व रात्री, मग त्या विकल्या गेल्या असोत वा नसोत. ऑक्युपन्सी आणि सरासरी भाडे यांचा गुणाकार केला तरी तोच आकडा येतो. बहुतेक सल्लागार इथेच थांबतात, आणि माझ्या मते छोट्या मालकाचे नुकसान इथूनच सुरू होते.

पुढील दोन मार्ग उदाहरणादाखल घेतलेले आहेत. पहिल्यात भाडे कमी ठेवून खोल्या भरल्या आहेत, दुसऱ्यात भाडे टिकवून काही खोल्या रिकाम्या राहू दिल्या आहेत. साबण, चादरींची धुलाई, वीज, टँकरचे पाणी आणि सकाळचा नाश्ता मिळून भरलेल्या प्रत्येक खोलीमागे दर रात्री ४०० रुपये खर्च धरला आहे. बुकिंग पोर्टलचे कमिशन १८ टक्के मानले असून त्यावरचा जीएसटी सोपेपणासाठी वगळला आहे. स्वस्त मार्गात निम्म्या रात्री पोर्टलवरून येतात, महाग मार्गात एक-तृतीयांश, कारण भाडे टिकवणाऱ्याला फोनवरून पुन्हा येणाऱ्या जुन्या पाहुण्यांवर अधिक अवलंबून राहावे लागते.

| नोव्हेंबर, सहा खोल्या | स्वस्त मार्ग | महाग मार्ग |
|---|---|---|
| सरासरी भाडे | ₹ १,५०० | ₹ २,१०० |
| विकलेल्या रात्री | १२६ | ९० |
| ऑक्युपन्सी | ७० टक्के | ५० टक्के |
| खोल्यांचे उत्पन्न | ₹ १,८९,००० | ₹ १,८९,००० |
| रेव्हपार | ₹ १,०५० | ₹ १,०५० |
| भरलेल्या खोल्यांचा खर्च | ₹ ५०,४०० | ₹ ३६,००० |
| पोर्टलचे कमिशन | ₹ १७,०१० | ₹ ११,३४० |
| पगार व इतर स्थिर खर्च | ₹ ९०,००० | ₹ ९०,००० |
| उरलेला नफा | ₹ ३१,५९० | ₹ ५१,६६० |
| गॉपपार | ₹ १७५.५० | ₹ २८७ |

रेव्हपार दोन्हीकडे तंतोतंत सारखा असूनही हाती उरणाऱ्या रकमेत २०,०७० रुपयांचा फरक पडतो. शेवटच्या ओळीतील गॉपपार, म्हणजे चालू खर्च वजा जाता उरलेला नफा भागिले सर्व रात्री, हे चौथे माप तो फरक दाखवते. पहिल्या तीन मापांना खर्च दिसतच नाही. ना-नफा-ना-तोट्याची रेषाही तपासावी : कमिशन बाजूला ठेवले, तरी स्थिर खर्च भागवण्यासाठी स्वस्त मार्गात महिन्याला ८२ रात्री विकाव्या लागतात, महाग मार्गात ५३ पुरतात.

यावरून महाग मार्गच बरा, असे म्हणण्याची घाई मात्र करू नये. वरच्या तक्त्यात स्वयंपाकघर नाही, आणि कोकणातल्या अनेक घरगुती निवासांचा खरा धंदा ताटावरच चालतो. स्वस्त मार्गात ३६ रात्री अधिक भरतात, म्हणून जेवणातून दर खोलीमागे रात्रीला साधारण ५६० रुपये सुटत असतील, तर दोन्ही मार्ग बरोबरीत येतात. त्याहून अधिक सुटत असतील, तर खोली स्वस्तात देणेच शहाणपणाचे ठरते. खोलीत दोन माणसे आणि दोन्ही वेळचे जेवण आपल्याकडेच, म्हणजे चार ताटे धरली, तर ताटामागे १४० रुपये सुटायला हवेत. सुरमईची थाळी ठेवणाऱ्याला हे जमू शकते, पण बाजारात मासळीचा भाव चढला की तेच गणित ढासळते. पाहुणे दिवसभर किल्ला आणि स्कूबाच्या नादात बाहेर राहून फक्त रात्रीचे जेवत असतील, तर तेवढ्याच फायद्यासाठी एका ताटातून २८० रुपये सुटावे लागतील, आणि ते बहुतेकांना शक्य नाही.

ताटाचा हा आकडा काढताना घरच्या माणसांची मेहनत फुकट धरण्याची चूक सर्रास होते. पहाटे पाचपासून चुलीपाशी उभ्या असलेल्या घरच्या बाईच्या जागी स्वयंपाकी ठेवला असता, तर त्याला जो पगार द्यावा लागला असता, तो खर्चात दाखवलाच पाहिजे. तो दाखवल्यावर भरलेल्या घराचा आनंद बऱ्याचदा कमी होतो.

गॉपपारही पूर्ण चित्र देत नाही. बँकेचा हप्ता, विमा, मालमत्ता कर आणि झीज त्यात येत नाहीत. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर झीज ही कागदी गोष्ट नसते : खाऱ्या हवेने एसीचे बाहेरचे युनिट, खिडक्यांचे गज आणि नळाच्या तोट्या गंजतात. खोल्या जास्त वापरल्या गेल्या की गाद्या आणि गीझरही लवकर बदलावे लागतात. यासाठी दरमहा वेगळी रक्कम बाजूला काढावी आणि नफा त्यानंतरचा मानावा.

निवड करायची झाली, तर पोर्टलवर नवीन आलेल्या आणि अजून ओळख नसलेल्या निवासाने पहिल्या मोसमात ऑक्युपन्सीकडे पाहणे योग्य आहे, कारण पाहुणे आणि त्यांचे अभिप्राय हीच तेव्हाची कमाई असते. कर्ज काढून खोल्या बांधलेल्याने ना-नफा-ना-तोट्याची रेषा आधी पाहावी. बस्तान बसलेल्या निवासाने रेव्हपार आठवड्याला आणि गॉपपार महिन्याला काढावा, आणि दोन्ही आकडे उलट दिशांना जाऊ लागले की आधी कमिशनची रक्कम तपासावी.

हे आकडे मांडताना भाड्यातून जीएसटी वजा केलेला असावा. रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के कर आहे आणि त्यात खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे नोंदणी असलेल्या मालकाने चादरी किंवा एसीवर भरलेला कर खर्चातच धरावा. विकता येण्याजोग्या रात्री मोजण्याचा नियमही एकदा ठरवून पाळावा. पावसाळ्यात जलक्रीडा आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात, म्हणून निवासही बंद ठेवले, तर त्या महिन्यांचा मासिक आकडा काढू नये. वार्षिक आकड्यात मात्र ३६५ दिवस धरावेत, कारण बँकेचा हप्ता जुलैतही चुकत नाही. गणपतीत मुंबईहून आलेल्या घरच्यांना दिलेल्या खोल्या विकलेल्या रात्रींत मोजू नयेत, आणि त्या दिवसांपुरत्या विकता येण्याजोग्या रात्रींतूनही वगळाव्यात.