आयकॉम एम२५ (बोटीसाठीचा हातातला रेडिओ) घेतला, पण आधी पैसे बुडवून

आधी काय माती खाल्ली ते सांगतो. अलिबागला भावाची छोटी शिडाची बोट आहे, सुट्टीला पुण्यातून जातो आम्ही, तर सेफ्टीसाठी म्हणून तपकीर गल्लीतून वॉकीटॉकीची जोडी उचलली, दुकानदार म्हणाला दहा किलोमीटर आरामात. पानशेतला ट्राय केली तर डोंगराआड गेलं की नुसती खरखर, आणि एक हातातून निसटला तो गेला थेट तळाला. पण खरी गंमत पुढे, समुद्रात तो चालला असता तरी ऐकणार कोण? जहाजं, कोस्ट गार्ड सगळ्यांचे कान मरीन व्हीएचएफच्या (बोटी-जहाजांसाठीच्या रेडिओ बँडच्या) चॅनल १६ वर, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, आणि माझा सेट भलत्याच बँडवर.

मग हा एम२५ घेतला. पाण्यात पडला की तरंगतो आणि लाल लाइट आपोआप लुकलुकतो, घरी बादलीत टाकून बघितला (बायको म्हणाली, झाली हौस?). मायक्रो यूएसबीवर चार्ज होतो त्यामुळे गाडीत लावून टाकतो, फक्त चार्जिंगचं झाकण घट्ट बसवा आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा.

याची ताकद ५ वॅट, पण ते वाचून हुरळू नका हं. व्हीएचएफ साधारण नजरेच्या रेषेत जातो, अँटेना जेवढी उंच तेवढं लांब, बोटीत बसून तशाच दुसऱ्या सेटशी चार-पाच किलोमीटर मिळाले तरी खूप. मोठ्या जहाजाची अँटेना उंच असते म्हणून ते जास्त लांबून ऐकतं. डोलकाठीवर अँटेना आणि २५ वॅटचा फिक्स्ड सेट असेल तर प्रश्नच नाही, पण बोटीत पाणी भरून बॅटरी गेली की तो मुका, तेव्हा हाच कामाला येतो.

यात डीएससी नाही, म्हणजे एक बटण दाबलं आणि लोकेशन गेलं असं होत नाही, तीनदा मेडे (जीव धोक्यात असल्याची हाक) म्हणून बोटीचं नाव आणि जागा तोंडाने सांगावी लागते. एकटे जात असाल तर डीएससी-जीपीएसवालाच घ्या, महाग पडला तरी. आणि मरीन व्हीएचएफला परवाना लागतो, दुकानदार काहीही म्हणू दे.

फक्त खडकवासल्यात फिरणार असाल तर नका घेऊ, तिथे १६ वर कुणी बसलेलं नाही, वॉटरप्रूफ पाउचमधला फोन आणि लाइफ जॅकेट बास. समुद्रावर जाणाऱ्यांनी फोनमध्ये कोस्ट गार्डचा १५५४ सेव्ह करून ठेवा, किनाऱ्याजवळ रेंज असते.

उरलेला एक वॉकीटॉकी कुणाला हवा असेल तर फुकट देतो, जोडीदार पानशेतला आहे.