लिनक्स मिंट २२.२ : मराठी लिहिणाऱ्याच्या जुन्या लॅपटॉपवर काही महिने

विंडोज १० साठीचे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. त्याच सुमारास मी माझ्या २०१७ सालच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स मिंट २२.२ या मोफत प्रणालीची सिनॅमन आवृत्ती बसवली आणि तेव्हापासून लेखन, संपादन, पत्रव्यवहार, बँकेचे व्यवहार, व्हिडिओ कॉल ही रोजची सगळी कामे मी त्यावरच करते आहे. लॅपटॉपमध्ये इंटेलचा सातव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि नंतर बसवून घेतलेली एसएसडी आहे. मिंटची इंग्रजी परीक्षणे भरपूर सापडतात. परंतु रोज मराठीत लिहिणाऱ्या आणि जुन्या मराठी फाइलींचा साठा सांभाळणाऱ्या माणसाला मिंट कितपत पुरते, हे फारसे वाचायला मिळत नाही. माझे मत सुरुवातीलाच नोंदवते : मिंटकडे वळावे की नाही, हे लॅपटॉपच्या वेगावर ठरत नाही, तुमच्या जुन्या फाइली कोणत्या फॉन्टमध्ये आहेत, यावर ते ठरते.

विंडोज ११ चा पर्याय माझ्यापुढे अधिकृतपणे नव्हताच. त्या प्रणालीला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. टीपीएमचा आग्रह मला समजतो, कारण डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवण्यासाठी त्या चिपचा खरोखर उपयोग होतो. मात्र व्यवस्थित चालणारा प्रोसेसर केवळ एका पिढीच्या फरकाने यादीबाहेर ठेवणे मला पटलेले नाही. या धोरणामुळे सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतील, असा अंदाज कॅनालिस या संस्थेने २०२३ च्या अखेरीस मांडला होता. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांसाठी एक वर्षाची वाढीव सुरक्षा योजना दिली आहे आणि ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालेल. ज्यांना लगेच बदल करणे शक्य नाही त्यांनी ती अवश्य घ्यावी, पण तिच्यामुळे प्रश्न फक्त वर्षभर पुढे जातो.

मिंट बसवणे सोपे आहे, त्यावर फार लिहिण्याची गरज नाही. पेन ड्राइव्हवरून सुरू करून आधी चालवून पाहता येते आणि पसंत पडले तर तिथूनच बसवता येते. एक काळजी मात्र प्रत्येकाने घ्यावी. २० फेब्रुवारी २०१६ रोजी मिंटच्या संकेतस्थळावर घुसखोरी होऊन डाउनलोडची लिंक एका दूषित प्रतीकडे वळवण्यात आली होती. प्रकल्पाने ही गोष्ट लगेच जाहीर केली, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. तरीही उतरवलेल्या फाइलीचा पडताळणी-अंक (फाइलीत फेरफार झालेला नाही हे दाखवणारा संकेत) संकेतस्थळावरील अंकाशी जुळवून पाहण्याची पायरी गाळू नये. वेगाविषयी इतकेच सांगते की विंडोज १० वर अपडेट चालू असताना जड होणारा हा लॅपटॉप आता ब्राउझर, लिब्रेऑफिस हा मोफत कार्यालयीन संच आणि एखादी मोठी पीडीएफ एकत्र उघडली तरी अडखळत नाही, आणि पंख्याचा आवाज क्वचितच येतो.

मराठी टंकलेखनाची सोय हा मिंटचा सर्वांत समाधानकारक भाग आहे. मी इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळमांडणी वापरते, आणि कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय मांडण्यांच्या यादीतून मराठी मांडणी जोडली की ती तत्काळ चालू होते. ‘र’ च्याच कळीवर शिफ्टसह ‘ऱ’ मिळतो आणि त्याला हलन्त व ‘य’ जोडल्यावर ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ हे शब्द बिनचूक उमटतात. मराठी लिहिणाऱ्यांची याच ठिकाणी अनेकदा अडचण होते. ज्यांना इनस्क्रिप्ट येत नाही त्यांना आयबस या टंकलेखनाच्या साधनासोबत एम१७एन हा कळमांडण्यांचा संच घ्यावा लागतो. त्यात मराठीसाठी फोनेटिक आहे, सरकारी टंकलेखन परीक्षेच्या सवयीने रेमिंग्टन वापरणाऱ्यांसाठी रेमिंग्टन आहे, आणि आंतरजालावर मराठी लिहायला ज्या पद्धतीने अनेकांना शिकवले ती गमभनही आहे. हा संच मूळ मिंटमध्ये आधीच घालून दिला असता तर नवख्या माणसाचा बराच शोध वाचला असता. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून तो घ्यावा लागतो, हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि नेमक्या याच टप्प्यावर ‘लिनक्समध्ये मराठी येत नाही’ असा समज करून घेऊन माणसे परत फिरतात.

अक्षरांच्या वळणाबद्दलही थोडे लिहायला हवे. मराठीतला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हिंदीतल्या वळणांपेक्षा वेगळे आहेत, आणि महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी तीच वळणे प्रमाण ठरवली. अनेक देवनागरी फॉन्टमध्ये ही दोन्ही रूपे असतात, परंतु मजकुराची भाषा मराठी आहे असे प्रोग्रामला सांगितल्याशिवाय मराठी रूपे पुढे येत नाहीत. लिब्रेऑफिसमध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन जटिल लिप्यांसाठी मराठीची निवड एकदा करून ठेवली की हे काम होते. राज्य मराठी विकास संस्थेने मोफत उपलब्ध करून दिलेले यशोमुद्रा आणि यशोवेणु हे फॉन्ट मी सर्वप्रथम बसवले. सार्वजनिक पैशातून मराठीसाठी झालेल्या चांगल्या कामांत या दोन फॉन्टचा समावेश मी आवर्जून करते. नियतकालिकाच्या मजकुरासाठी मी यशोमुद्रा वापरते, आणि छापील पानावर तो डोळ्यांना अजिबात त्रास देत नाही.

आता खऱ्या अडचणीकडे वळते. देवनागरीला युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेत देणाऱ्या जागतिक मानकात, १९९१ पासून स्थान आहे आणि विंडोज २००० पासून ती सामान्य संगणकांवर नीट दिसू लागली, पण मराठी छपाईव्यवसाय त्यानंतरही बरीच वर्षे पेजमेकर या पानमांडणीच्या प्रोग्रामवर चालत राहिला आणि पेजमेकरला युनिकोड देवनागरी समजत नव्हती. त्यामुळे श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, डीव्हीबी-टीटी योगेश अशा फॉन्टमध्ये अक्षरशः पिढीभराचा मजकूर तयार झाला. या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. डोळ्यांना मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची विस्कळीत रांग असते; फॉन्ट काढून घेतला की तीच उघडी पडते. माझ्याकडे ज्या छोट्या नियतकालिकाचे संपादन आहे, त्याचे जुने अंक याच स्वरूपात आहेत.

मिंटवर या फाइलींचे काय होते, हे मी बारकाईने तपासले. आपल्याकडे परवाना असलेले जुने फॉन्ट घरच्या फोल्डरमधील फॉन्टच्या जागी ठेवले तर लिब्रेऑफिस रायटरमध्ये वर्डच्या फाइली बहुतांशी वाचता येतात आणि छापताही येतात. लिब्रेऑफिसला २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून पेजमेकरच्या फाइलीही उघडता येतात, आणि पेजमेकर स्वतः मिळेनासे झाले असताना ही सोय मला अमोल वाटते. पानाची मांडणी थोडी विस्कटते, पण मजकूर हाती येतो. मात्र तो मजकूर जुन्याच संकेतांत असतो, म्हणून त्यात शोध घेता येत नाही आणि तो दुसऱ्या फॉन्टमध्ये बदलताही येत नाही. नवे लेखनही त्या पद्धतीने करायचे असेल तर श्रीलिपीसारखी पूर्ण प्रणाली लागते आणि ती विंडोजसाठी बनलेली आहे. ज्यांचा छापखाना आजही तिच्यावर चालतो, त्यांनी मिंटच्या फंदात पडू नये असे मी स्पष्ट सांगेन.

मी युनिकोडमध्ये रूपांतर करण्याचा मार्ग निवडला आणि त्यासाठी पायथन या संगणकभाषेत छोटे प्रोग्राम लिहिले. अक्षरामागे अक्षर बदलत गेले की झाले, असे हे काम नाही. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते आणि रफार नंतर येतो. युनिकोडमध्ये हा क्रम उच्चाराप्रमाणे असावा लागतो. त्यामुळे ‘कीर्ती’, ‘स्थिती’, ‘वर्तमान’ यांसारखे शब्द उलगडून पुन्हा बांधावे लागतात. प्रत्येक फॉन्टमालिकेसाठी स्वतंत्र तक्ता लागतो, आणि शेवटी माणसाने वाचून तपासणे चुकत नाही. पायथन मिंटमध्ये आधीपासून असते आणि एकाच आज्ञेने फाइलींचा संपूर्ण फोल्डर रूपांतरातून काढता येतो, त्यामुळे या कामाला मिंट विंडोजपेक्षा मला अधिक सोयीचे ठरले. शुद्धलेखन तपासणीची मदत मात्र बेताचीच मिळते. मराठी शब्दसंग्रह बसवता येतो, परंतु ‘घरासमोरच्यांनीसुद्धा’ अशी प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये लागलेली रूपे त्याला ओळखता येत नाहीत, आणि पानभर लाल रेघा उमटतात. मराठीच्या सामान्यरूपांचा नीट विचार करून तयार झालेला खुला तपासनीस ही आपल्या भाषेची मोठी निकड आहे.

इतरांशी फाइलींची देवाणघेवाण करताना मंगल किंवा निर्मला या विंडोजमधील फॉन्टमध्ये लिहिलेला दस्तऐवज मिंटवर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडतो आणि त्यामुळे ओळी व पाने बदलतात. लेखकांना मी मुक्त परवान्याचा एखादा फॉन्ट वापरण्याची विनंती करते आणि अंतिम प्रत पीडीएफमध्येच पाठवते.

अपडेटच्या बाबतीत मिंटची पद्धत मला फार आवडली. अपडेट मॅनेजर काय बदलणार आहे ते दाखवतो, आणि लिहिता लिहिता यंत्र स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होत नाही. टाइमशिफ्ट या मिंटमधील साधनाने आधीची स्थिती जतन करून ठेवली की बिघडलेल्या अपडेटवरून मागे येता येते. मिंट २२ ची मालिका उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत, म्हणजे या लॅपटॉपचे आयुष्य तेवढे तरी वाढले. प्रोग्राम बसवण्याची उबुंटूची स्नॅप पद्धत मिंटने २०२० पासून मूळ संचात बंद ठेवली आहे आणि हा निर्णय मला योग्य वाटतो, कारण आपल्या यंत्रावर काय आणि कुठून बसते आहे हे वापरणाऱ्याला कळले पाहिजे.

लिनक्स आपोआप सुरक्षित असते, असे मात्र मी म्हणणार नाही. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एक्सझेड या फाइली लहान करणाऱ्या, साध्या दिसणाऱ्या साधनातला चोरदरवाजा उघडकीस आणला. संगणकात दूरवरून प्रवेश करताना लागणारा सुमारे अर्ध्या सेकंदाचा जादा वेळ त्यांच्या लक्षात आला नसता, तर तो चोरदरवाजा जगभरच्या सर्व्हरवर पोहोचू शकला असता. दूषित आवृत्त्या मुख्यतः लिनक्सच्या चाचणीसाठीच्या प्रणालींपर्यंतच गेल्या होत्या, त्यामुळे स्थिर पायावर उभे असलेले मिंट बचावले. त्याच वर्षी १९ जुलैला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली होती. या दोन घटना शेजारी ठेवल्या की सर्वांत नवे तेच ताबडतोब सगळीकडे पोहोचवण्याची घाई किती महाग पडते, ते दिसते. मिंट जाणीवपूर्वक सावकाश चालते, आणि मला त्याचा हाच गुण विश्वासाचा वाटतो.

तक्रारीही आहेत. एका नामांकित कंपनीचा माझा जुना लेझर प्रिंटर लिनक्सवर चालवण्यासाठी कंपनीचा कालबाह्य ड्रायव्हर खटपट करून बसवावा लागला आणि मोठी फाइल छापताना तो अजूनही मध्येच थांबतो. नेटवर्कवरून ड्रायव्हरशिवाय चालणारे नवे प्रिंटर मात्र लगेच ओळखले जातात. व्हॉट्सॲप ब्राउझरमध्येच वापरावे लागते. टॅलीप्राइम हा हिशेबाचा प्रोग्राम विंडोजसाठी आहे, त्यामुळे हिशेबनिसांनी पूर्ण स्थलांतराचा विचार करू नये. मिंटच्या खिडक्यांमधला मराठी अनुवाद अपुरा आहे. एका वाक्यात मराठी आणि दुसऱ्यात इंग्रजी दिसते, म्हणून मी पडद्याची भाषा इंग्रजीच ठेवली आहे.

जर्मनीतील श्लेस्विग-होलस्टाइन राज्याने २०२४ मध्ये सरकारी संगणकांवर लिब्रेऑफिस आणण्याचा निर्णय घेतला आणि ऑक्टोबर २०२५ पर्यंत चाळीस हजारांहून अधिक ईमेल टपालपेट्या मुक्त प्रणालीवर नेल्या, ही बातमी मी आनंदाने वाचली. त्याच देशात म्युनिक शहराने अनेक वर्षे लिनक्स चालवून २०१७ मध्ये परत फिरण्याचे ठरवले होते, हेही विसरता येत नाही. आपल्याकडे केरळच्या शाळांनी मुक्त सॉफ्टवेअर दीर्घकाळ टिकवून दाखवले आहे आणि त्यामागे शिक्षकांचे सातत्यपूर्ण प्रशिक्षण आहे. महाराष्ट्रातल्या ग्रंथालयांनी आणि छोट्या नियतकालिकांनी निदान आपल्या जुन्या अंकांचे युनिकोडीकरण तरी हाती घ्यावे, असे मला मनापासून वाटते. ते झाले तर संगणक कोणता आणि प्रणाली कोणती, हा प्रश्न त्यांच्यापुरता पुष्कळ सोपा होईल.

मिंट वापरून पाहायचे असेल तर पेन ड्राइव्हवरून सुरू करा आणि बसवण्यापूर्वी तुमची सर्वांत जुनी मराठी फाइल त्यात उघडा, एक पान छापून पाहा, बँकेच्या संकेतस्थळावर प्रवेश करा आणि ‘दऱ्याखोऱ्या’ हा शब्द टाइप करा. विंडोजवरील फाइलींची प्रत आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि त्या प्रतीसोबत जुने फॉन्टही जतन करा, कारण पुढे रूपांतर करताना त्यांची गरज पडतेच.